तेरा पावलांचा गृहपाठ

कानडेबाई आमच्या शाळेवर आल्या तेव्हा गावात त्यांच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. त्यांच्या आधीचे गुरुजी म्हातारे होते आणि त्यांची शाळा आम्हाला कळत होती. सकाळी प्रार्थना, मग पाढे, मग शुद्धलेखनाच्या दहा ओळी, दुपारी खाऊ म्हणून सरकारी सुकडी, आणि सुकडी खाऊन जड झालेल्या पोटानं चारही इयत्तांनी एकत्र बसून कविता म्हणायच्या. गुरुजी खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. कुणाची ओळ चुकली की डोळे न उघडता नेमकं त्याचंच नाव घ्यायचे. घरचा अभ्यास म्हणजे पाढे लिहून आणायचे. तो अभ्यास घरातल्यांनाही समजायचा. बाबा अंगणात पाय धुता धुता माझे पाढे ऐकायचे, आणि ते स्वतः दुसरी शिकलेले असले तरी बाराच्या पाढ्यात मी कुठं अडखळते ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला वर्गाबाहेर काढलं. शाळेच्या आवारातल्या झाडांची पानं गोळा करा, त्यांचे आकार पाटीवर काढा, कौलं मोजा, विहिरीच्या रहाटाचा आवाज कसा येतो ते एका वाक्यात लिहा. आम्हाला मजा वाटली, पण ती मजा चोरीची असावी तशी वाटली. अभ्यास न करता दिवस गेला आणि कुणी रागावलं नाही, म्हणजे यात काहीतरी खोट आहे असं मला वाटायचं. बाई देशावरच्या, अंगानं किरकोळ, पंचविशीच्या आतबाहेरच्या. लग्न झालेलं नव्हतं. कडावला एका घरी खोली घेऊन राहायच्या आणि रोज अर्धा तास पायवाटेनं आमच्या वाडीत यायच्या. काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत एक लांबट वही. त्या वहीत त्या सारखं काहीतरी लिहायच्या. मुलं खेळताना लिहायच्या, आम्ही वाचत असताना लिहायच्या, आणि आम्ही जवळ गेलो की वही मिटायच्या.

तीस-पस्तीस घरांच्या वाडीत अशी वही लपून राहत नाही. त्यात त्या सुमारास कुठंतरी धरण होणार, कुठंतरी सरकार जमिनी घेणार, अशा बातम्या कशेळ्याच्या बाजारातून दर आठवड्याला यायच्या. कुणाला धड काही माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांना सगळं खरं वाटायचं. संध्याकाळी चुलीवर तांदळाच्या भाकरीचा वास सुटला की बाबा ओट्यावर बसून मला विचारायचे, "आज बाईनी काय काय इचारलान?" मी सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि मग आईकडे बघायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पोरांना शिकवाया आली का गाव लिवाया आली?"

मग एक दिवस बाईंनी गृहपाठ दिला. घरात माणसं किती, जनावरं किती, झाडं किती, ते लिहून आणा. मी घरी येऊन वही उघडली आणि बोटांवर मोजायला लागले. आई चुलीपुढून म्हणाली, "काय लिवतेस?"

"घरातली मानसं. सात."

"सात नाय. नऊ लिव."

"आये, सातच हाय ना आपून."

"कार्डावर नऊ हायत."

रेशनच्या कार्डावर वारलेले आजोबा होते आणि लग्न होऊन गेलेली आत्या होती. म्हणजे माझ्या गृहपाठात ती दोघं जिवंत आणि घरात पाहिजे होती. मी नऊ लिहिलं. जनावरांपाशी आल्यावर आईनं हात थांबवला आणि म्हणाली, "बाबांना येऊ दे." बाबा आले, पण त्यांनीही सांगितलं नाही. जेवण न करता ते पोलीस पाटलांच्या ओट्यावर गेले. तिथं आधीच पाच-सहा माणसं जमलेली होती, कारण प्रत्येकाच्या घरात तीच वही उघडलेली होती. परत आले तेव्हा आकडे ठरलेले होते. दोन बैल, एक गाय, एक आंबा. सगळ्यांनी हेच लिहायचं. कमी नाही, जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बावीस वह्या गोळा केल्या. पहिली वाचली, दुसरी वाचली, पाचवीनंतर त्या नुसतं पान उलटून बघायला लागल्या. मग त्यांनी वह्या एकावर एक ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गावात फार समता आहे." आम्हाला ते कळलं नाही. मग त्यांनी मला उभं केलं. "नंदा, तू वर्गात हुशार. सगळ्यांनी तुझी वही उतरवलेली दिसते. तू दिलीस?" मी मान खाली घातली. खरं सांगितलं तर सगळं गाव उघडं पडणार, हे मला त्या वयातही कळत होतं. मी म्हणाले, "हो बाई." त्यांनी मला सुकडीच्या सुट्टीपर्यंत दाराशी उभं केलं. मारलं नाही. जवळून जाताना फक्त म्हणाल्या, "खरं लिहून आणलेलं एक वाक्य मला या बावीस वह्यांपेक्षा आवडेल."

ते मला लागलं. इतकं लागलं की मी त्या दिवशी सुकडी घेतली नाही.

माझ्या शेजारी सुमन बसायची. सुमन माझ्या चुलत्यांची, तात्यांची मुलगी. तात्या बाबांचे थोरले भाऊ. दोन्ही घरं एकाच अंगणाला लागून होती आणि आम्ही दोघी एकाच महिन्यात जन्मलो होतो. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं आणि गणितात मी पुढं होते, म्हणून आमचं चालायचं. त्या दिवशी तिनं आपल्या ताटलीतली अर्धी सुकडी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "माझ्या बाबांनी पन तसंच लिवायला सांगितलान. तू एकटी कशाला उभी राहिलीस?" खरं तर तिच्यावरही मला तेव्हा थोडा संशय आला, की मी काही बोलले तर ही घरी जाऊन सांगेल काय. आमच्या दोन घरांत एवढं प्रेम असूनही हा संशय होताच, आणि त्याचं कारण बांध होता.

आजोबांनी मरायच्या आधी दोरी लावून शेताच्या दोन सारख्या पट्ट्या केल्या होत्या, वरच्या पायवाटेपासून खालच्या ओहोळापर्यंत. मधे मातीचा बांध. पावसात तो दरवर्षी ढासळायचा आणि दरवर्षी तात्या तो नव्यानं घालायचे, कारण त्यांना मातीचं काम चांगलं यायचं. बाबांचं म्हणणं असं, की बांध घालताना तात्या दरसाल एक फावडंभर आमच्या अंगाला सरकतात. हे ते तात्यांना कधीच म्हणाले नाहीत. आम्हाला मात्र वालाचं बिरडं पानात पडलं की हमखास ऐकायला मिळायचं. "तेंच्या वालाला शेंग जास्त का? तर जमीन जास्त." आई म्हणायची, "जेवा आधी." माझ्या लहानपणातल्या बिरड्याला ही चव कायम लागून राहिली आहे.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा बाईंनी मोजमापाचा धडा घेतला. फूटपट्टी एकच होती, म्हणून त्यांनी वीत, हात आणि पाऊल यांनी मोजायला शिकवलं. आम्ही शाळेचं आवार पावलांनी मोजलं तर बावीस जणांची बावीस उत्तरं आली. बाई हसल्या आणि म्हणाल्या की पाऊल सारखं पडलं पाहिजे, नाहीतर माप घेऊन उपयोग नाही. मग घरचा अभ्यास दिला. आपापल्या घराचं अंगण मोजून आणा, लांबी आणि रुंदी. अंगण. त्यांनी अंगण म्हटलं होतं, हे मला आजही त्यांच्या आवाजासकट आठवतं.

मी अंगण मोजलं नाही. ते मोजायला सोपं होतं आणि सगळेच ते आणणार होते. मला खरं लिहिलेलं काहीतरी आणायचं होतं, जे दुसऱ्या कुणाकडे नसेल. असं मी स्वतःला सांगत होते. त्याच्या खाली दुसरंही एक होतं. मला बांध बघायचा होता. बाबा रोज म्हणतात ते खरं आहे का, हे मला बाबांना न विचारता कळायला हवं होतं. दुपारी माणसं जेवून आडवी झाली होती तेव्हा मी शेतावर गेले. आमच्या पट्टीत भाताची कापलेली धसकटं उभी होती. वाल पेरायचा अजून राहिला होता. मी ओहोळाच्या बाजूनं सरळ चालत गेले, मोठमोठ्यानं आकडे म्हणत. चौऱ्याऐंशी. मग बांध ओलांडून तात्यांच्या पट्टीत उतरले. तिथं वाल दोन पानांवर आला होता. मी आकडे मनात म्हणायला लागले. तात्यांच्या मागच्या दाराकडे बघत बघत मी पलीकडच्या कडेला पोचले. सत्त्याण्णव.

मी वहीत लिहिलं, आमचं शेत चौऱ्याऐंशी पावलं, शेजारचं शेत सत्त्याण्णव पावलं. बाबांना दाखवलं नाही. शाळेत बाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या वहीवर लाल शाईनं 'शाबास' लिहिलं. त्यांना कुठं माहीत होतं शेजारी कोण ते. त्यांनी फळा पुसला आणि त्यावर गणित घातलं. एका शेताची रुंदी सत्त्याण्णव पावलं, शेजारच्या शेताची चौऱ्याऐंशी, तर पहिलं शेत दुसऱ्यापेक्षा किती पावलांनी रुंद? "हे खरं माप आहे," बाई वर्गाला म्हणाल्या, "नंदानं स्वतः मोजून आणलेलं." सुमननं आपल्या सुरेख अक्षरात ते उतरवून घेतलं, वजाबाकी केली, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. "तेरा," ती हळूच म्हणाली. घरी जाताना ती माझ्या पुढं चालत होती.

हल्ली माझ्या नातीचा गृहपाठ फोनवर येतो. आई-बापांचा गट असतो, त्यात बाई संध्याकाळी पाठवतात, आणि प्रकल्प असेल तर कर्जतच्या दुकानात तयार मिळतो. नदी, डोंगर, घर, सगळं कापसानं आणि रंगीत कागदानं चिकटवलेलं. माझी सून म्हणते, किती सोय झाली. मी हो म्हणते. सोय झालीच आहे. त्या कापसाच्या डोंगरावरून कुणाच्या घरात भांडण होणार नाही.

त्या संध्याकाळी सुमन आपल्या ओट्यावर बसून गृहपाठ मोठ्यानं वाचत होती, तशी ती रोजच वाचायची. तात्या आत भाकरी खात होते. मी आमच्या ओट्यावरून ऐकत होते. 'किती पावलांनी रुंद' इथपर्यंत तिचा आवाज आला आणि मग तात्यांचा आला. "ह्या कुनाचा शेत?" ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग त्यांच्या घरातलं भांडं खाली पडलं की टाकलं ते कळलं नाही. बाबा घरी आले तरी तात्या आमच्याकडे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले.

शाळेच्या ओसरीवर पाटील होते, आणखी चार-पाच माणसं होती, आणि बाबांना कुणीतरी खळ्यावरून बोलावून आणलं होतं. तात्या शेतावरून थेट आले होते. हातात कोयता होता. पाटलांनी दोनदा सांगूनही त्यांनी तो खाली ठेवला नाही. बाई फळ्यापाशी खडू हातात धरून उभ्या होत्या. आम्हाला जागेवरच बसवून ठेवलं होतं, म्हणून सगळं आमच्या देखत झालं.

"पोरीला धाडून माझा शेत मोजतोस?" तात्या बाबांना म्हणाले. "तुला इचारायचा होता तर समोर यायचा होतास."

"मी धाडली नाय," बाबा म्हणाले.

"मग ती सपान पडून गेली?"

बाबा खोटं बोलत नव्हते, पण त्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्या माणसाचा होता, कारण इतकी वर्षं ते घरात बांधाबद्दल तेच बोलत आले होते. पाटलांनी मला पुढं बोलावलं. ते खाली वाकले आणि म्हणाले, "खरं सांग गं पोरी, भिऊ नको. शेत मोजायला तुला कुनी सांगितलान? बापानं?"

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मी तात्यांच्या कोयत्याकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं, आणि म्हणाले, "नाय. बाईनी."

पाटील सरळ झाले. "काय ओ बाई?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "हो. मीच सांगितलं होतं. शेत मोजून आण म्हणून." खडू खाली ठेवून पुन्हा म्हणाल्या, "चूक झाली. मला गावातलं माहीत नव्हतं."

ओसरीवरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. ज्याची त्यांना जूनपासून खात्री होती ते आज बाईंनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मी बोललो नव्हतो?" तात्यांनी कोयता कमरेला लावला आणि ते बाबांकडे न बघता निघून गेले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला नको होता.

त्यानंतरचे दिवस मी फार विचित्र काढले. बाई मला शिक्षा करतील याची मी वाट बघत होते. आज नाही केली म्हणजे उद्या करतील. वही घेताना त्या काहीतरी बोलतील, परीक्षेत कमी गुण देतील, कडावला जाऊन कुणाला तरी सांगतील. त्यांनी काहीच केलं नाही. माझं गणित बरोबर आलं की बरोबरची खूण करायच्या, चूक आलं की चुकीची. त्यांच्या या न बोलण्याचा मला इतका संशय यायला लागला की मीच कधी कधी स्वतःला विचारायची, त्यांनी खरंच शेत म्हटलं नव्हतं ना? मग अंगण हा शब्द त्यांच्या आवाजात ऐकू यायचा आणि मी पाढे म्हणायला लागायची.

होळीच्या आधी एका सोमवारी बाई आल्या नाहीत. मंगळवारी आल्या नाहीत. बुधवारी कळलं की बदली झाली, खालापूरकडे कुठंतरी. ती लांबट वही कपाटात राहिली होती. आम्ही मुलांनी ती उघडली. आत आमची नावं होती, एकेक पान एकेकाला. कुणाला कोणतं अक्षर जमत नाही, कुणाला दूरचं दिसत नाही म्हणून पुढं बसवायचं, कोण सकाळी उपाशी येतं. माझ्या पानावर लिहिलं होतं, 'गणित उत्तम. चटकन घाबरते.' पोरांनी वही पाटलांकडे नेऊन दिली. पाटलांनी ती चाळली आणि कोनाड्यात ठेवली.

जूनपर्यंत शाळेला धड मास्तर मिळाला नाही. तात्यांनी सुमनला परीक्षेलाही बसवलं नाही. "शिकून काय करनार, लोकांची शेतां मोजनार?" असं ते म्हणाल्याचं काकीनं आईला सांगितलं. काकी आणि आई मागच्या कुडावरून वाटीची देवाणघेवाण करायच्या, बिरडं इकडून, सुकटीची चटणी तिकडून, पण पुरुष घरात नसतील तेव्हाच. बाबा आणि तात्या एकमेकांशी बोलायचे बंद झाले ते वर्षानुवर्षं. मी पाचवीला कडावच्या शाळेत गेले. मी दप्तर घेऊन निघायची तेव्हा सुमन अंगण शेणानं सारवत असायची. पहिले काही दिवस ती वर बघायची. मग बघायची बंद झाली. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती कळंबकडे गेली. आता ती तिथल्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करते, आणि भेटली की माझ्या मुलांची चौकशी अगदी मनापासून करते.

ओहोळापलीकडची जमीन मुंबईच्या एका माणसानं बंगल्यासाठी घेतली तेव्हा सरकारी मोजणी आली. मी तोवर नोकरीला लागले होते, रजा घेऊन गेले होते. मोजणीदारानं साखळी लावली, नकाशा बघितला, खुणा केल्या आणि सांगितलं की दोन्ही पट्ट्या सारख्या. फरक होता तो हातभराचा, आणि तोही आमच्याकडे जास्त. बाबांनी त्याला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच आलं. मी तिथं उभी होते आणि मला माझे पाय आठवले. आमच्या धसकटांतून मी ढांगा टाकत गेले होते. तात्यांच्या वालात मी रोपं चुकवत, दाराकडे बघत, चोरासारखी लहान पावलं टाकत गेले होते. तेरा पावलं जमिनीत नव्हतीच. ती माझ्या भीतीतली होती. हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही. बाबा बराच वेळ बांधावर बसून राहिले, आणि संध्याकाळी तात्यांच्या घरी गेले. काकीनं चहा केला. दोघं तात्यांच्या आजारी बैलाबद्दल बोलले.

नोकरी माझी तालुक्याच्या शिक्षण विभागात होती. पन्नाशीत असताना एकदा जुने कागद नष्ट करायला काढायचं काम माझ्याकडे आलं. गठ्ठा सोडला की वाळवीनं खाल्लेल्या कागदाची माती मांडीवर पडायची. त्यात एक अर्ज निघाला, आमच्या वाडीच्या नावाचा. शिक्षिका मुलांकडून जमिनीची माहिती काढतात, गावात भांडणं लावतात, तरी त्यांना हलवावं. पाटलांची सही सगळ्यांत वर. त्याखाली तात्यांची. तात्यांच्या खाली बाबांची, त्यांच्या त्या मोडक्या अक्षरात. जी माणसं एकमेकांचं तोंड बघत नव्हती ती त्या कागदापुरती एका ओट्यावर बसली होती. बाबा तेव्हा जिवंत होते. मी त्यांना विचारलं नाही. ते म्हणाले असते की तुझ्यासाठी केलं, आणि ते खरं की खोटं हे मला ओळखता आलं नसतं.

बाईंचा पत्ता मला कार्यालयातूनच मिळाला. त्या निवृत्त होऊन खोपोलीला भाचीकडे राहत होत्या. केस सगळे पांढरे, चष्मा जाड, पण बसायची पद्धत तीच. मेथी निवडत होत्या. मी नाव सांगितलं तशी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "गणित उत्तम." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

"बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले," मी म्हणाले. वाटेत जुळवून ठेवलेलं बाकी सगळं मी विसरले होते.

"मला माहीत आहे की. मी अंगण सांगितलं होतं."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

त्यांनी काडी बाजूला ठेवली. "तुझे चुलते कोयता घेऊन उभे होते. तू माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हा मला एकच भीती वाटली, की ही आता खरं बोलणार. माझं मीच मोजलं म्हणाली असतीस तर कोण विश्वास ठेवणार होतं? बापानंच पाठवलं म्हणाले असते."

मी पर्समधून अर्ज काढून त्यांना दिला. तो दाखवायचा की नाही हे मी दारापर्यंत ठरवलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला आणि सह्या वाचल्या. "हे दोघं भाऊ ना? एकाखाली एक?" मी हो म्हणाले. "म्हणजे एकत्र बसले होते," त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. मला ते हसू खरं वाटलं नाही. माणसाला इतकं सहज हसता येत नाही, असं माझं मत आहे. पण त्यांनी कागद नीट घडी करून शेजारच्या मासिकात ठेवला आणि पुन्हा मेथी हातात घेतली.

"तुझ्याशेजारी एक मुलगी बसायची," निवडता निवडता त्या म्हणाल्या. "अक्षर फार देखणं होतं तिचं. चुलत बहीण ना तुझी? मी गेल्यावर तिचं काय झालं, ही मला नेहमी काळजी असायची. ती शिकली ना पुढं?"

मी त्यांच्या हातातल्या मेथीकडे बघत होते. "हो," मी म्हणाले. "दहावी झाली. चांगलं चाललंय तिचं."

बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं." त्यांनी माझं बोलणं खरं मानलं की नाही, ते मला सांगता येणार नाही.